आतली बाजू

रांगहिल म्हणते, टेबलावर हात ठेवा, पालथा.
ठेवतो.
करंगळीखालून अजून पेन्सिल जाते.
उन्हाळ्यात तिथून कॉफीचा कप जात होता.
ती कागदावर माझ्या हाताभोवती रेघ ओढते,
खाली तारीख घालते.
दर मंगळवारी एक हात फायलीला लागतो.

तळव्यातला व्रण नागमोडी गेलाय,
फ्योर्डच्या कडेने स्टोकमार्कनेसला येणाऱ्या बसच्या रस्त्यासारखा.
त्यावर मलम लावून अंगठ्याने चोळायचं,
गोल गोल, दहा मिनिटं, दिवसातून चारदा.
तांदळाच्या बादलीत हात खुपसून मूठ मिटायची, उघडायची.
इतका तांदूळ आमच्या घरात कधी शिजला नाही.
रात्री प्लास्टिकची पट्टी, सहा महिने.
"नाहीतर?"
"नाहीतर दोरी पुन्हा आखडते, इंगेब्रिक्ट.
तिला वाट ठाऊक आहे."

दोऱ्या मलाही ठाऊक आहेत.
चाळीस वर्षं थंड पाण्यातून कॉड ओढले.
लोक म्हणायचे, त्यानेच झालं.
डॉक्टर म्हणाला, नाही, रक्तातलं आहे.
असेल.
बापाचे हात शवपेटीत जुळेनात,
शेवटी आईने वरून शाल ओढली.
झाकली मूठ.
सव्वा लाख मात्र आमच्यात कुणाकडेच नव्हते.

अनामिका आधी वाकली,
मग करंगळी तिच्यामागून, धाकट्या बहिणीसारखी.
तोंड धुताना बोट डोळ्यात जायचं.
खिशात घातलेला हात तिथेच अडकायचा.
दुकानात सुटे पैसे घ्यायला हात पसरता येईना,
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
घ्या की आजोबा, मारताय का मला?

आणि हातमोजे.
एका जानेवारीत गुन्वोरने माझा उजवा हात मांडीवर घेतला,
दोऱ्याने मोजला,
आजारी कोकराचा पाय मोजावा तसा,
आणि राखाडी लोकरीचा हातमोजा विणला,
तळव्याच्या बाजूला पोटली असलेला,
वाकलेल्या दोघींना बसायला.
असा हातमोजा साऱ्या बेटावर दुसरा नव्हता.
"ऑपरेशन कर" असं ती कधी म्हणाली नाही.
मीही नाही.
ती गेल्यावर चार हिवाळ्यांनी मी फॉर्म भरला.

आता बोटं सरळ आहेत, म्हणजे जवळपास,
आणि हातमोज्यात मावत नाहीत.
शेंड्याला टेकून थांबतात.
पोटली रिकामी लोंबते.

ऑक्टोबरात आठवडाभर पट्टी बांधली नाही.
रांगहिलने कोन मोजला. चार अंश मागे.
माझ्याकडे पाहिलं, आकडा लिहिला,
आणि बोट धरून हळूहळू ताणत राहिली
मला "पुरे" म्हणायला लागेपर्यंत.

काल तिने डावा हात मागितला, सहज.
तळव्यावर अंगठा फिरवताना थांबली.
अनामिकेच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ.
"ही कधीपासून?"
माहीत होतं. म्हटलं, माहीत नाही.
"वर्षं लागतील," ती म्हणाली,
"कदाचित काहीच होणार नाही.
लक्ष ठेवू."

घरी आलो. स्टोव्ह अजून पेटवायचा होता.
कोट न काढता खुंटीवरचा हातमोजा घेतला
आणि उलटा केला, आतली बाजू बाहेर.
उजव्याचा डावा झाला.
पोटली बरोब्बर तळव्याकडे.
डाव्या हाताची चांगली बोटं मुद्दाम दुमडून
आत घालून बघितली.

तेव्हा दिसलं:
तिने लपवलेली लोकरीची टोकं,
एके ठिकाणी लोकर संपली असावी,
तिथे गाठ,
आणि सुटू नये म्हणून वर लाल शिवणदोऱ्याचे दोन टाके.
नऊ वर्षं हे माझ्या कातडीला लागून होतं.

उजव्या अंगठ्याने ती गाठ चोळत बसलो,
गोल गोल,
दहा मिनिटांपेक्षा जास्तच झाली असतील.
मग स्टोव्ह.
मग पट्टी.